भाऊजींचं परम औषध

माझ्या धाकट्या दिरांना उपाशी राहायचं व्यसन आहे. गुरुग्रामच्या एका टॉवरमध्ये, ढगांच्या शेजारी राहतात. दुपारपर्यंत पाण्यावर राहायचं, मग फोनमध्ये वेळ बघून चार बदाम खायचे आणि त्या बदामांवर तासभर बोलायचं. बोलायला कॅलरी लागत नसाव्यात.

माझ्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं आणि भाऊजींना हक्काचा श्रोता मिळाला. दर रविवारी गाडी काढून आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये हजर. हॉस्पिटलने मीठ, पाणी, केळी, नारळपाणी यांवर बंधन घातलं होतं. भाऊजींनी त्यात भात, तूप, साखर आणि अंडी यांची भर घातली.

"वहिनी, लंघन परम औषध. पोटात कचरा कमी गेला की मशीनला काम कमी."

माझा स्वयंपाक म्हणजे कचरा! माझ्या हातच्या पुरणपोळ्या चापताना भाऊजींना कधी कचरा आठवला नव्हता. आणि हे? धाकटा इंग्रजीत बोलला की यांना ते वेदवाक्य. "तो वाचतो गं खूप," म्हणायचे आणि अर्धी पोळी ताटात सरकवून उठायचे.

एकदा हॉस्पिटलमधली डाएटिशियन मलाच रागावली. "आंटी, ये खा क्या रहे हैं? मशीन पर हर बार ताकत निकलती है। पेट भर नहीं खाएँगे तो शरीर अपना ही मांस खाएगा। चावल, घी, अंडा, सब दीजिए। बस नमक-पानी का ध्यान रखिए।"

मी म्हटलं, "लेकिन वजन तो उतना ही है."

"वो पानी है, आंटी। मांस जा रहा है, पानी भर रहा है।"

मी तिथूनच भाऊजींना फोन लावून तिच्या हातात दिला. तिने सगळं परत सांगितलं. रविवारी भाऊजी हसत म्हणाले, "कालची पोरगी, ती काय सांगणार? हॉस्पिटलवाल्यांना पेशंट हवेच असतात." असल्या शहाण्याला काय सांगणार, कप्पाळ!

मी हट्टाने शिरा केला, तूप सुटेपर्यंत रवा भाजून. यांनी दोन चमचे खाल्ले आणि दाराकडे पाहिलं.

"अहो, भाऊ काय दाराआड उभा आहे तुमचा?"

"रविवारी विचारेल गं," म्हणाले. ऑफिसात भल्याभल्यांच्या फायली परत पाठवणारा हा माणूस धाकट्या भावाला घाबरून शिरा टाकत होता. मला दोघांचीही किळस आली.

गाल आत गेले, दंडाची कातडी लोंबायला लागली. भाऊजी म्हणाले, "दादा, बिल्कुल फिट दिसतोयस यार!" थंडीत यांना छातीचा संसर्ग झाला. तसे बरेच जण त्यातून बरे होऊन घरी जातात. हे घरी आलेच नाहीत. अंगात लढायला काही उरलंच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

दहाव्याला यमुनेच्या घाटावर भाऊजींनी स्वतः पान वाढलं. भात, वरण, वडे, गोडधोड, वरून तूप. कावळा भिंतीवर बसून राहिला, खाली येईना. भाऊजी हात जोडून रडायला लागले.

"दादा, खा ना रे. सगळं तुझ्या आवडीचं आहे. थोडं तरी खा."

मी मागे उभी होते. एवढं सगळं वाचून शेवटी त्यांना नेमकं हेच बोलायचं सुचलं, तेही कावळ्याला.