सहाव्या बरणीतले बुडबुडे

आमच्या औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत हुकूम चालायचा दोघांचा. एक साहेब, आणि दुसऱ्या काचेची भांडी धुणाऱ्या कुर्रमावशी. धुतलेल्या काचेवर बोट घासून ‘कुर्र’ वाजलं तरच त्या बरणी पुढे सोडायच्या. "बावीस वर्षांत माझ्या काचेत साबण सापडलेला नाही!" हे वाक्य त्यांच्या नवऱ्यालाही पाठ होतं. बिचारा घरी स्वतःचा कप विसळायला घाबरायचा.

त्या दिवसांत साहेब एका पांढऱ्या भुकटीपायी हैराण होते. औषध गुणी, पण पाण्याशी उभा दावा. पोटात विरघळलंच नाही तर गुण येणार कुठून? सहा बरण्यांत कोमट पाणी, आत फिरती दांडी, आणि भुकटी आपली वर तरंगत बसलेली.

एका सकाळी मात्र सहाव्या बरणीतली गायब! पाणी नितळ. साहेब नाचायचेच बाकी होते. "चारला मालकांना सांगतो, जमलं म्हणून!"

मावशी वाकून बघतात तो कडेला चार बारीक बुडबुडे. साबणाचेच! आदल्या दिवशी नेमकी तीच बरणी धुताना जावेचा फोन आला होता. भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं! एवढी खमंग बातमी सोडून बरणी खंगाळणार कोण? मी असतो तर बरणी फोडलीच असती.

बोलावं तर बावीस वर्षांचं नाव जाणार. गप्प बसावं तर साहेब मालकांपुढे तोंडघशी पडणार. साडेतीनपर्यंत मावशींनी एकच टेबल सात वेळा पुसलं.

"साहेब, ती बरणी कुर्र वाजली नव्हती."

"म्हणजे?"

"साबण राहिलाय आत. माझ्याकडून."

साहेबांचा चेहरा उतरला. मग हळूहळू उजळला. "मावशी, तेलकट डागाला साबण काय करतो हो?"

"धरतो आणि पाण्यात ओढून नेतो. हे काय विचारणं झालं?"

"आपली भुकटीही तसलीच, पाण्याचा तिटकारा असलेली!"

मालकांबरोबरची चारची बैठक पुढे ढकलली. मावशींनी फोन बंद ठेवून सहाही बरण्या कुर्र वाजवून दिल्या. साहेबांनी साबणाच्याच जातीचा, पण पोटात चालणारा पदार्थ चिमूटभर तोलून प्रत्येकीत घातला. तासाभरात सहाही नितळ.

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे मी न तोलता केली ती चूक, आणि तुम्ही तोलून केलंत ते संशोधन?"

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले.

आता त्या सांगतात, "इतक्या वर्षांत एकदाच साबण राहिला, आणि तोही कामाला आला!" भाचीचं पुढे काय झालं, ते मात्र मला अजून सांगत नाहीत.