फडावरची खानावळ

बायकांनी आणि गाव सोडून पोटाला जाणाऱ्यांनी काढलेल्या धंद्यांची सरकारी पाहणी होती. किन्हीराजाकडच्या आमच्या गावात घरोघरी अर्ज भरायचं काम मला मिळालं. माझं अक्षर वळणदार. मिरवायला तेवढंच होतं माझ्याजवळ.

पहिलं घर शेजारच्या काकूंचं. दर दिवाळीनंतर त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात. नवरा ऊस तोडी आणि काकू फडावर तीन दगडांची चूल मांडून बायकोविना आलेल्या गड्यांसाठी खानावळ चालवत. कोणाला पिठलं आवडतं, कोणाला तिखट सोसत नाही, सगळं तोंडपाठ. मुकादमसुद्धा त्यांना वचकून असे.

"लिव, माही खानावळ हाय," त्या ऐटीत म्हणाल्या.

अर्जात धंद्याचा पत्ता विचारला होता. फडाला कसला पत्ता? आज या शिवारात, महिन्याने दुसऱ्या. धंदा वर्षभर एका जागी चालणारा हवा, असंही आम्हाला बजावलं होतं. मी दीडशहाणी. भांडायचं सोडून पत्त्यावर रेघ मारली आणि नावापुढे लिहिलं, 'गृहिणी'. काकूंना वाचता येत नाही. माझं पेन चालताना बघून त्यांचा चेहरा फुलला. वर जास्त दुधाचा चहा पाजला.

नाव लागलेल्या बायांना बसस्टँडजवळ गाळा मिळणार, अशी हवा झाली. दिवाळी सरली, ट्रक आला. काकूंनी मुकादमाला सांगितलं, "यंदा मी नाई येत. गावातच खानावळ टाकायची हाय मले." फडावरची त्यांची चूल दुसरीला गेली. मी दारातून बघत होते. खरं सांगितलं असतं तर त्या ट्रकमध्ये चढल्या असत्या. लाजेपायी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून किळस येते.

पुढे ग्रामपंचायतीत यादी लागली. आमच्या गावातून एकच नाव होतं, किराणा दुकानाच्या मालकिणीचं. गल्ल्यावर नवरा बसतो. ती दुकानाची पायरीही चढत नाही. खाली निष्कर्ष छापला होता: बाहेरगावी जाणाऱ्या बायका स्वतःचा धंदा काढत नाहीत.

"वाच वं, माहं नाव कुठी हाय?"

"नाही काकू."

"अवं, मायासमोर तं लिवलं होतं तू."

त्या चिडल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता त्या रोजाने दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जातात. यंदा पुन्हा पाहणी निघाली आणि मी पुन्हा त्यांच्या ओट्यावर बसले. धंदा आहे का, विचारलं. पेनाकडे न बघता काकू म्हणाल्या, "नाई."

मी तेच लिहिलं. या वेळी ते खरं होतं.