साडेसहा पौंडांच्या आत

कॉटर क्रीकमध्ये चाळिशीच्या आतलं एकही माणूस असं सापडणार नाही, ज्याने वर्ना टॉलफसनच्या हातचं खाल्लेलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची एकतीस वर्षं गेली. आणि दर ऑक्टोबरात आठवडाभर रजा काढून ती काय करायची, तर डोंगरात भावाच्या शिकारी तळावर पुन्हा स्वयंपाकच. थोरला भाऊ ऑरिन आणि दोन चुलतभाऊ पहाटे बंदुका घेऊन वर चढायचे आणि ही खाली तंबूत बटाटे सोलत बसायची.

त्या तळाचा वडिलांपासून चालत आलेला एक नियम होता. ज्याने एल्क, म्हणजे तिकडचं घोड्याएवढं सांबर, पाडला, त्याने त्या दिवशी चुलीला हात लावायचा नाही. एल्कचं काळीज कांद्यावर परतून पहिला तुकडा त्याच्या ताटात वाढायचा. एकतीस वर्षं ते काळीज वर्नाने परतलं आणि वाढलंही तिनेच. पहिला तुकडा तिच्या ताटात कधी पडला नाही.

तरी दर वसंतात ती वरच्या खोऱ्यातल्या नर एल्कच्या परवान्यासाठी सोडतीत नाव घालत आली होती. सलग सतरा वर्षं नाव निघालं नाही, आणि अठराव्या वर्षी निघालं. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती, उंची जेमतेम पाच फूट एक इंच, आणि उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षं झालेली. परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही. हा हंगाम हुकला तर पुन्हा नंबर लागेपर्यंत ती पंच्याहत्तरीला टेकणार होती.

"बाबांची बंदूक घेऊन जा," ऑरिन म्हणाला.

"साडेनऊ पौंडांची आहे ती."

"मग काय झालं? आम्ही सगळे तीच वापरत शिकलो. नाही झेपत तर राहू दे, खालीच थांब. तुझ्या रश्श्याशिवाय आमचे हाल होतात ते वेगळंच."

वर्नाने त्याच्याशी वाद घातला नाही. वाद घालण्यापेक्षा मोजून बघणं तिला नेहमीच बरं वाटायचं. शाळेमागच्या टेकडीवर ती रोज संध्याकाळी पिठाची पिशवी खांद्याला लावून चढू लागली. आठ पौंड असले की निम्म्यात खांदा ठणकायचा. सात पौंडांना दोनदा थांबावं लागायचं. साडेसहा पौंड घेऊन मात्र ती न थांबता माथ्यावर पोचली. तिचा आकडा ठरला: साडेसहा पौंड, दुर्बीण, पट्टा आणि काडतुसं धरून. पैशांचाही आकडा ठरलेला होता. कपडे धुण्याच्या नव्या यंत्रासाठी बाजूला ठेवलेले सहाशे डॉलर.

शनिवारी ती लायल ब्रॅटनच्या दुकानात गेली ती स्वयंपाकघरातला वजनकाटा काखेत मारूनच. लायल तिच्याच वर्गातला.

"अगं, बंदूक घ्यायला आलीस की लोणी?"

"दोन्ही वजनावरच घेते मी. दाखव."

त्याने आधी एक देखणी पहाडी बंदूक काढली, पाच पौंडांची, दोन हजार डॉलरची. वर्नाने ती दोन बोटांनी परत सरकवली. मग स्वस्तातली आली, तिच्या कागदावर सहा पौंड लिहिलेलं. वर्नाने तिच्यावर दुर्बीण बसवायला लावली, पट्टा घातला, चार काडतुसं भरल्यासारखी शेजारी ठेवली आणि काट्याकडे बोट दाखवलं. सात पौंड नऊ औंस.

"कागदावरचं वजन उपाशीपोटी केलेलं दिसतंय," ती म्हणाली.

तिसरी खरंच हलकी होती, पण तिचं काडतूस केवढं तरी मोठं. "ही खेचरासारखी लाथ मारेल," लायलने स्वतःच कबूल केलं. "हलकी बंदूक आणि मोठं काडतूस, दोन बार झाले की तिसऱ्याला माणूस धास्तीने आधीच डोळे मिटून घेतो. तुझ्या खांद्याला नको."

तेवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. जुन्या मालात काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची एक आखूड बंदूक उभी होती.

"ती पोरांची आहे गं. कुणाचा तरी मुलगा उंच झाला, म्हणून विकायला आणली. सात मिलिमीटर, आखूड काडतूस. एल्कला पुरतं, पण..."

वर्नाने ती खांद्याला लावली आणि तशीच उभी राहिली. गाल आपोआप जागेवर बसला होता, डोळा दुर्बिणीच्या मधोमध. आजवर भावांच्या बंदुकांना मान ताणून डोळा लावताना तिला वाटत आलं होतं की आपल्याला नेमच धरता येत नाही. दोष तिचा नव्हताच, त्या बंदुकांचा दस्ता तिला लांब पडत होता. तिला आधी राग आला, मग हसू आलं.

लहानशा दुर्बिणीसकट, सगळं धरून काट्यावर सहा पौंड सात औंस भरले, साडेसहाला एक औंस कमी. किंमत पाचशे चाळीस.

हंगामाआधीच्या रविवारी सगळं गाव खडीच्या खाणीत नेम तपासायला जमतं. ऑरिनने बंदूक बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वर्ना, शाळेतून डबा आणि दप्तरही आणलंस ना?"

लोक हसले. वर्नाने दोनशे पावलांवर केक वाढायची कागदी ताटली लावली, जमिनीवर बसून तीन बार काढले आणि ताटली आणून ऑरिनच्या हातात दिली. तिन्ही भोकं तळहाताखाली झाकली जात होती.

"दप्तर गाडीत आहे," ती म्हणाली.

तळावर पोचल्यावर तिसऱ्या सकाळी दोघं भावंडं वरच्या खोऱ्याकडे निघाली. ऑरिनने हट्टाने वडिलांचीच बंदूक घेतली होती. सहासष्ट वर्षांचा माणूस, दर शंभर पावलांवर तो बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता. शेवटच्या चढाखाली तो दगडावर बसला तो उठेचना. वर्ना त्याच्यासाठी थांबली. त्याने लाल झालेल्या तोंडाने फक्त हात हलवला: जा.

ती एकटी वर गेली. बर्फाच्या पट्टीशेजारी नर चरत होता, दीडशे पावलांवर. तिने पाठपिशवी पुढे ठेवली, तिच्यावर बंदूक टेकवली आणि श्वास सोडून चाप ओढला. एल्क चार पावलं चालला आणि खाली बसल्यासारखा कोसळला. आपल्याला अभिमान वाटतोय हे तिने मोठ्याने, त्या मोकळ्या खोऱ्याला सांगून टाकलं.

चुलतभाऊ तळावरचे घोडे घेऊन वर आले आणि मांस लादून परत यायला दुपार झाली. एका चुलतभावाने काळीज फळीवर ठेवलं. वर्ना सवयीने बाह्या सारत चुलीकडे निघाली होती.

"ए," ऑरिन म्हणाला. "चुलीला हात लावायचा नाही."

"मग करणार कोण?"

ऑरिनने खुंटीवरचा तिचा एप्रन काढला. त्याचे बंद त्याच्या पाठीमागे पोचेनात, तेव्हा त्याने दोरीचा तुकडा जोडला. कांदा त्याने जाळला. मीठ दोनदा घातलं, कारण पहिल्यांदा घातलेलं तो विसरला. मग ताट दोन्ही हातांनी धरून तो तिच्यासमोर आला आणि पहिला तुकडा वाढला.

इतकं वाईट शिजलेलं काळीज वर्नाने जन्मात खाल्लं नव्हतं. तिने ताट पुढे केलं आणि आणखी मागितलं.