मार्शलचं पोर

मार्चमधली सकाळ. धुकं इतकं दाट की गोठ्यात गाईचं शेपूट दिसत होतं, गाय दिसत नव्हती. डॉर्कस टेबट अंदाजानंच धार काढत होती आणि तिच्या पाठीला पाठ लावून मस्टर घोरत पडला होता. आज त्याचा निकाल होता.

मस्टर म्हणजे जमीनदार सर लायोनेल यांचं, गावच्या सरकारांचं, शिकारी कुत्रं. खानदानी. इंग्लंडातल्या लेस्टरशायरात कोल्ह्यामागं घोडे उधळणं हा बड्यांचा खेळ. बाकीचं सगळं कुळांनी निस्तरायचं. गेल्या वसंतात सरकारांनी घरोघर पिल्लं वाटली. वर्षभर पोसा आणि परत आणून द्या. नाही म्हणायला कुणाची मनाई नव्हती. मग शेत तेवढं दुसऱ्या गावात बघायचं. हिवाळाभर चाळीस लालकोटवाले शिकारी टेबटांच्या कोवळ्या गव्हातून दौडले. कोल्ह्यानं डॉर्कसची नऊ बदकं नेली. पण कोल्ह्याला मारायचा मान सरकारांचा. कुळानं मारला तर महापाप.

मस्टरनं वर्षभरात शिकार केली ती फक्त लोण्याची. अंगानं पिंप झाला, पाय फेंगडे.

"लई जीव लावू नकोस," नवरा इनॉक म्हणाला. "नापास कुत्र्याला झाडाला टांगतात."

"ठाऊक आहे."

"अन् पास झाला तरी तुला थोडाच मिळतोय?"

"तेही ठाऊक आहे. गप गाडी जुंप."

हवेलीच्या अंगणात पाहुणे पेले हातात धरून उभे होते. कुत्र्यांचा कारभारी जेथ्रो मस्टरभोवती एक फेरी मारून म्हणाला, "डॉर्कसबाई, हे कुत्रं आणलंय का वासरू?"

पाहुणे खिदळले. सरकारांनी नुसतं दोरीकडं बोट केलं.

डॉर्कस वाकून मोठ्यांदा म्हणाली, "बरोबर आहे, सरकार. पोर बापावरच गेलंय. हुबेहूब मार्शलचे पाय!"

सरकारांच्या शेजारी उभा असलेला त्यांचा कुत्रा मार्शल म्हणजे सरकारांचा प्राण. त्याचं चित्र काढायला लंडनहून चितारी आला होता. बाईसाहेबांचं चित्र अजून व्हायचं होतं. त्याच्या पिल्लांसाठी हेच पाहुणे महिनोन्‌महिने आर्जवं करत होते. आता ते वाकून मार्शलचे पाय बघू लागले.

"किंचित फेंगडे वाटतात, नाही?" एकजण म्हणाला.

सरकारांचं तोंड कोटासारखं लाल झालं. "हे मार्शलचं नव्हेच! मार्शलचं पोर तापानं गेलं. जेथ्रो, गेलं ना?"

"गेलं, सरकार," जेथ्रोनं टोपी काढली. "डिसेंबरात. फार सोसलं बिचाऱ्यानं."

"मग हे गावठी धूड कशाला आणलंस गं? घेऊन जा!"

"चुकलं, सरकार," डॉर्कस म्हणाली आणि त्यांचं मन बदलायच्या आत निघाली.

गाडीत चढवताना इनॉकची कंबर धरली. "मेलेलं कुत्रं इतकं जड असतं होय?"

"ओढ की नीट!"

घरी पोचताच मयत चुलीपुढं पसरलं आणि घोरू लागलं. डॉर्कसनं बाह्या वर केल्या, फावडं उचललं आणि शेण काढायला गोठ्यात गेली.