वैशालीच्या लेपावरच्या पेशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

वैशाली इंझोरीची, मी अनसिंगची. नागपूरच्या प्रयोगशाळेत वाशिमकडच्या आम्ही दोघीच. एका डब्यात जेवायचो. हाडाचा तुकडाच निकामी झाला, तर तिथे नवं हाड धरावं म्हणून जाळीदार सांगाडा बसवतात. त्यावर ती चिनी मातीच्या जातीचा पातळ लेप चढवायची, भट्टीत भाजायची. त्या लेपावर हाडाच्या पेशी जगतात का, वाढतात का — हे पाहणं माझं काम. तिच्या भावाचा पाय ट्रॅक्टरखाली सापडला होता, हाड जुळलंच नव्हतं. ती या कामाला का चिकटली होती, वेगळं सांगायला हवं का?

पेशी सोडण्याआधी सांगाडे स्पिरिटमध्ये बुडवायचे, मग ते स्पिरिट पुन्हापुन्हा धुऊन काढायचं; थोडं जरी राहिलं तरी पेशी मरतात. त्या दिवशी मला गावची बस गाठायची होती. तुलनेसाठीचे बिनलेपाचे सांगाडे धुऊन झाले होते. तिचे — तिचे मी धुतलेच नाहीत. नुसते निथळले, पेशी सोडल्या आणि निघाले.

परतले तेव्हा बिनलेपाच्या सांगाड्यांवर पेशी जिवंत होत्या. तिच्या लेपावरच्या गोळा होऊन तरंगत होत्या. मेलेल्या. साऱ्या.

प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "लेपच विषारी दिसतोय."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मी हातमोजे काढत राहिले.

तिचं काम बंद झालं. ती इंझोरीला निघून गेली. आणि पुढे — तोच लेप मी केला. नीट धुतला. पेशी घट्ट चिकटल्या, पसरल्या, सांगाडाभर वाढल्या. माझा शोधनिबंध छापून आला. त्यात तिचं नाव कुठेच नाही.

यंदा चुलतबहिणीच्या लग्नात ती अनसिंगला भेटली. आता शाळेत शिकवते. मांडवात खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

"तुयं छापून आलेलं वाचलं मी. लेप तर तोच हाये. मंग माह्या पेशी काहून मेल्या वं?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आता तरी बोलायला काय हरकत होती? कुणाची भीती होती?

"भट्टीचा फरक असन," मी म्हणाले.

ती हळूच म्हणाली, "असन. मीच भट्टीवर ध्यान देलं नसन."

मी मान हलवली. हो म्हणून.