माझा मफलर, यांचा सत्कार

माझं ब्लडप्रेशर कशामुळे वाढलं ते डॉक्टरांना सापडलं नाही. मला माहीत होतं, पण ते कारण माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेलं होतं, त्यामुळे सांगता आलं नाही.

शेंद्र्याच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी करून हे नुकतेच निवृत्त झाले होते, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी घराची क्वालिटी तपासायला घेतली होती. पोळ्या एका मापाच्या नाहीत. डाळीचे डबे उंचीनुसार लावलेले नाहीत. कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांचे रंग जुळत नाहीत. मीही एका शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, पण मी निवृत्तीनंतर कुणाला तपासायला गेले नव्हते. डॉक्टर म्हणाले, “ताई, एखादा छंद लावून घ्या. हाताला काम असलं की डोकं शांत राहतं.” माझ्या हाताला आयुष्यभर काम होतंच. त्याला बहुतेक छंद म्हणत नसावेत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. माहेर कन्नड तालुक्यातलं, आणि इतकी वर्षं सिडकोत काढूनही बोलणं अजून तिकडचंच. आमच्या इमारतीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर पहिली टोपी त्यांचीच. बाळं मोठी झाली, इंजिनिअर झाली, पुण्याला गेली. टोप्यांचा विषय कधी कुणी काढला नाही. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, “वहिनी, मला विणकाम शिकवता?”

“शिकवते की! त्यात काय लई मोठं?”

सुलट, उलट, टाके घालणं, टाके बंद करणं, हे त्यांनी शिकवलं. मला त्यात जेमतेम गती आली असेल नसेल, तेवढ्यात मोबाइलवर एक मफलर दिसला. जाडजूड, उशीसारखा फुगलेला, एका बाजूनं निळा आणि पलटला की पिवळा. खाली नाव होतं, ब्रिओश. मी वहिनींना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, “हा मला नाय येत बाई. पण बघू की. बाईनंच विणलाय ना?”

आम्ही दोघी गुलमंडीत लोकर घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, “बाळ किती महिन्यांचं?” मी म्हटलं, मोठ्या माणसासाठी मफलर करायचाय, जाड. त्यानं बाहेर रस्त्यावरच्या उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सिमल्याला चाललात का?” आपल्या शहरात थंडी येते, पण पाहुण्यासारखी, बॅग न उघडता परत जाते. तरी मी निळी आणि पिवळी, दोन्ही भरपूर घेतली, कारण या विणीला लोकर फार लागते.

घरी आल्यावर यांनी विचारलं, “ब्रिओश म्हणजे तो पाव ना? कंपनीच्या पाहुण्यांबरोबर हॉटेलात खाल्लाय मी.”

“तोच,” मी म्हटलं. “फक्त हा गळ्यात घालायचा असतो.”

ही वीण ऐकायला सोपी आहे. एक टाका विणायचा, पुढचा न विणताच उचलायचा आणि त्याच्या डोक्यावरून दोऱ्याचा एक फेरा द्यायचा. परतीच्या ओळीत तो टाका आणि त्याच्या डोक्यावरचा फेरा, दोघांना मिळून एक समजून विणायचं. एवढंच. मोबाइलवरची परदेशी बाई हे अगदी हळू, झोपेत बोलल्यासारखं सांगायची आणि मधूनमधून रिलॅक्स व्हायला सांगायची. तिच्याकडे बहुतेक रोज पाणी येत असावं. मी रिलॅक्स झाले की नळाला पाणी यायचं, आणि पाणी भरून परत येईपर्यंत कोणता फेरा कोणत्या टाक्याचा ते मी विसरलेली असायचे.

साध्या विणीत टाका निसटला तर तो शिडीसारखा सरळ खाली उतरतो. त्याला खालून धरून वर आणता येतं. ब्रिओशमध्ये निसटलेला टाका आपला फेरा बरोबर घेऊन जातो, शेजारच्याला सैल करतो, आणि मग शेताच्या वाटणीसारखं होतं, काय कुणाचं ते कुणालाच कळत नाही. वहिनी आणि मी दोघी डोकं लावून बसायचो. त्यांच्याही हातून टाके निसटायचे. “मेलं हे फेंगडं काम!” असं म्हणून त्या सगळं उसवायच्या आणि हसत पुन्हा टाके घालायच्या. मी उसवताना मात्र रडकुंडीला यायचे.

त्यातच माझा मफलर रुंद व्हायला लागला. सुरुवात वीतभर होती, आता उशीच्या अभ्र्याएवढं काहीतरी झालं होतं. डोक्यावरचे फेरे मी वेगळे टाके समजून विणत होते, हे मला नंतर कळलं. यांना आधी कळलं. त्यांनी कंपनीतून आणलेली स्टीलची पट्टी काढली आणि मफलर चार ठिकाणी मोजला.

“तुझ्या टाक्यांचं टेन्शन एकसारखं नाहीये.”

“टेन्शन कुठून येतं ते बघा ना आधी.”

संध्याकाळी फ्रिजवर एक तक्ता लागला. चूक, तिचं कारण, उपाय, जबाबदार व्यक्ती. शेवटच्या रकान्यात सगळीकडे माझंच नाव होतं. मी सुया त्यांच्यापुढे आपटल्या आणि म्हटलं, “मग तुम्हीच करून दाखवा!”

त्यांनी करून दाखवलं.

हा भाग मला सांगायला आवडत नाही, पण खरं ते खरं. त्यांना ती वीण लवकर आली. उत्तम आली. एकेक टाका मशीनमधून निघाल्यासारखा. मी स्वयंपाकघरातून बघायचे, हे पाय जुळवून बसलेत, ओठ किंचित बाहेर, दर ओळीला कागदावर एक रेघ. मला मत्सर वाटला. नुसता थोडासा नाही, चांगला भाजीत मूठभर तिखट पडल्यासारखा.

एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण हे सकाळी सोसायटीच्या बागेत बाकावर बसून विणायला लागले. पहिल्या दिवशी बरोबरचे काका लोक हसले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, “निवृत्तीनंतर काय करावं याचा आदर्श.” मग हात जोडलेले, टाळ्या, फुलं, यांची रांगच लागली. एकानं लिहिलं, “पुरुषानं मनावर घेतलं तर काय करू शकत नाही!” त्याच ग्रुपवर वहिनींनी आपल्या नातवाच्या स्वेटरचा फोटो टाकला होता, तेव्हा एक अंगठा आला होता. तोही माझा.

मार्च उजाडला आणि सोसायटीचे चेअरमन घरी आले. “यंदा महिला दिनाला जरा वेगळं करावं म्हणतो. साहेबांचा सत्कार करू.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. “महिला दिनाला यांचा?”

“म्हणून तर! महिलांना प्रेरणा मिळेल.”

महिलांना प्रेरणेशिवाय इतरही कामं मिळाली. रांगोळी माझ्याकडे, चहा आणि औक्षणाचं ताट वहिनींकडे. कार्यक्रम भर दुपारी. यांनी स्वतः विणलेला मफलर गळ्यात घातला होता, त्यावर चेअरमननी हिमरू शाल घातली, हातात नारळ दिला. घाम कपाळावरून चष्म्यात उतरत होता, पण चेहऱ्यावर कृतार्थ भाव. मग यांनी भाषण केलं. “ब्रिओश हा नुसता टाका नाही, ती एक शिस्त आहे,” असं म्हणाले. आणि शेवटी, “मी माझ्या पत्नीचा ऋणी आहे. तिच्या चुकांमुळेच मला ही प्रक्रिया समजली.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी सुद्धा वाजवल्या. वहिनी माझ्या कानाशी वाकल्या. “आता ह्याला काय म्हणायचं गं?”

“टाळ्या वाजवा, वहिनी.”

“कशानं वाजवू? हातात सुया हायेत.” खरंच होत्या. चहा उकळेपर्यंत म्हणून त्यांनी कुणाच्या तरी बाळाचा मोजा सोबत आणला होता.

सत्कारापाठोपाठ कार्यशाळा आलीच. दर रविवारी, क्लब हाऊसमध्ये, महिलांसाठी. पहिल्या रविवारी झाडून सगळ्या आल्या. यांनी सुई धरण्यापूर्वी पाठ कशी ठेवायची यावर स्लाइड दाखवल्या. दुसऱ्या रविवारी लोकरीच्या धाग्याचा इतिहास झाला. तिसऱ्या रविवारी वहिनी आणि मी, दोघीच. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसून आमचं आमचं विणत होतो आणि हे बोलत होते. त्यानंतर यांचं लक्ष सोसायटीच्या ओल्या कचऱ्याकडे गेलं. आता खाली खताची पिंपं आहेत, त्यांच्यावर तक्ते आहेत, आणि वॉचमनचं ब्लडप्रेशर तपासून घ्यायला हवं. यांनी मधे सुरू केलेला स्वेटर अर्धाच, सुईसकट कपाटात पडला. विचारलं तर म्हणाले, “त्यातलं आव्हान संपलं.”

माझं संपलं नव्हतं. रुंद झालेला मफलर उसवून मी पुन्हा वीतभर टाक्यांनी सुरू केला होता. त्या उन्हाळ्यात दुपारी कूलर लावून वहिनींच्या घरी आम्ही विणत बसायचो. मांडीवर लोकरीचा ढीग म्हणजे जिवंत मांजर घेऊन बसल्यासारखं, पण सोडवत नव्हतं. एका दुपारी माझा टाका निसटला आणि मी हाक मारायच्या आत माझ्याच हातांनी त्याला पकडलं. तो टाका, त्याच्या डोक्यावरचा फेरा, शेजारचा उलटा, सगळे मला वेगवेगळे दिसले, गर्दीत घरचे चेहरे दिसावेत तसे. मी टाका वर आणला, सुईवर बसवला आणि पुढं विणत राहिले. वहिनींना सांगितलंसुद्धा नाही. त्यांना दिसलं होतं. त्यांनी बशीतली फोडलेली कैरी माझ्याकडे सरकवली.

मफलर पूर्ण झाला तेव्हा जून लागला होता, म्हणून तो डांबराच्या गोळ्यांत गेला. डिसेंबरात एका सकाळी गारवा जाणवला. आम्ही दोघं फिरायला निघालो आणि स्वतःचा मफलर सापडेना म्हणून हे माझा घालून आले. बागेच्या वळणावर चेअरमन भेटले. त्यांनी मफलर बोटांनी चाचपला.

“वा साहेब! नवीन केला वाटतं?”

“नाही, नाही. हा हिनं केलाय,” हे म्हणाले. पटकन म्हणाले, मला बरं वाटलं.

“असं का!” चेअरमन माझ्याकडे वळले. “मग वहिनी, नशीबवान आहात. घरातच गुरू मिळाला!”

यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण चेअरमन आपल्या गुडघ्याकडे वळले होते, आणि गुडघा सुरू झाला की ते ऐकत नाहीत. आम्ही गुडघा ऐकला आणि निघालो. थोडं पुढं गेल्यावर हे मान वळवत म्हणाले, “याच्यात एका ठिकाणी टाका आडवा पडलाय. मानेला टोचतो.”

“कुठं? दाखवा.”

त्यांनी दाखवलं. मी तिथंच रस्त्यात थांबून बोट फिरवून पाहिलं. पडला होता. मी तेवढा भाग त्यांच्या शर्टाच्या कॉलरमागं दुमडला, म्हटलं, “चला,” आणि आम्ही दूध घ्यायला गेलो.