जिवंत माणसाची तेरवी

ज्याच्या तेरवीसाठी माझी भांडी गेली होती, तो म्हातारा ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता.

मी ऑटोतून उतरले. घर बरोबर आहे का ते पाहावं म्हणून मी मेलेल्या माणसाचं नाव सांगितलं आणि त्यांच्या घरी कोणी आहे का असं विचारलं. त्याने हातातली शेंग टोपल्यात टाकली.

"मीच तो," म्हणाला. "बोला."

सून माझ्यामागे उभी होती. तिने माझा दंड घट्ट धरला. मी म्हणाले, "तुमी मेले नाही?"

"अजून तं नाही. काहून, घाई हाय का तुमाले?"

तो हसला. दात थोडे होते. मी हसले नाही तेव्हा त्यानेही तोंड मिटलं आणि टोपलं बाजूला सरकवलं.

आमचं बिछायत केंद्र होतं. लग्न असो, बारसं असो की तेरवी, पंगतीचा भात-वरण शिजवायचे मोठे गंज, कढया, पराती, ताटं, वाट्या, झारे आणि बसायच्या दऱ्या आम्ही भाड्याने द्यायचो. वाशीमकडे, रिठदच्या बाजूला आमचं गाव. धंदा नवऱ्याने सुरू केला. नवरा गेला, मग मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला. सून माहेरी गेली नाही. का गेली नाही ते मी तिला कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मी चौथी शिकलेली, ती बारावी. दोघींनी मिळून दुकान चालवलं. करोनात लग्नं बंद झाली तेव्हा जुने गंज विकून खाल्ले. पुन्हा लग्नं सुरू झाली तेव्हा सुनेने तिच्या बांगड्या मोडल्या आणि आम्ही वाशीमहून जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, नवे गंज आणले. प्रत्येकावर नवऱ्याचं नाव ठोकून घेतलं. आमच्या दोघींचं जेवण त्या गंजांवर होतं. दुसरं काही नव्हतं, शेत नाही, पेन्शन नाही.

हा धंदा बाहेरून बरा दिसतो. लग्नाआधी गिऱ्हाईक मावशी मावशी करतं. लग्न झालं की रस्ता बदलून जातं. एका पोरीच्या लग्नाचं भाडं राहिलं होतं. ती नांदायला गेली, तिला मुलगा झाला, त्याच्या बारशाला तिचा बाप पुन्हा भांडी न्यायला आला. मी म्हणाले, "पहिल्याचं?" तर म्हणे, "मावशी, आता दोन्हीचं संगच देतो." दोन्हीचं संगच राहिलं. मागायला गेलं की असे लोक चहा फार आग्रहाने देतात. मी किती जणांच्या घरचा चहा भाड्याऐवजी प्यायले, त्याचा हिशेब नाही. काही जण ताटं कमी आणून देतात आणि म्हणतात, तुमचीच मोजणी चुकली. एकाच्या घरात मी माझ्याच पराती पाहिल्या. त्याची बायको त्यातल्या एकीत कणीक मळत होती. मी परात उलटी करून नाव दाखवलं, तर ती म्हणाली, "या नावाचा आमचा मामा हाय."

म्हणून सुनेने नियम केला. आधार कार्डाची झेरॉक्स आणि बयाना दिल्याशिवाय गंज हलणार नाही. लोक कुरकुरले, पण देऊ लागले.

तेरवीला मात्र हा नियम नव्हता. हे आमचं एकट्यांचंच नव्हतं, आमच्या भागातले सगळे बिछायतवाले असंच करायचे. मयताच्या घरच्यांना बयाना मागायचा नाही. कार्ड मागायचं नाही. गाडीत भरून द्यायचं. भाडं अर्धं, तेही ते आणून देतील तेव्हा. आणि तेरवी झाल्याबरोबर वसुलीला त्यांच्या दारात जायचं नाही. बिछायतवाला दारात उभा राहिला की मेलेला माणूस देणं ठेवून गेला असं दिसतं. नवरा असताना असंच होतं, मी तसंच चालू ठेवलं. आणि सांगायचं तर, मयताच्या घरच्यांनी आमचं भाडं कधी बुडवलं नाही. बुडवणारे सगळे लग्नवाले.

या तेरवीची भांडी न्यायला एक पोरगा सकाळी आला होता. तीस-पस्तिशीचा असेल. डोकं भादरलेलं, खांद्यावर पांढरं उपरणं, पायात चप्पल नाही. मागे भाड्याची मेटॅडोर. बाप गेला म्हणाला. गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. आवाज बसलेला होता. सुनेने झेरॉक्सचं विचारायला तोंड उघडलं, मी हातानेच थांबवलं. त्याच्या डोक्यावर वस्तऱ्याची ताजी खूण होती. बाप गेल्याशिवाय कोण पोरगा असं डोकं करतो? तो म्हणाला, "गाव मोठं हाय माय, पंगत मोठी होईन. सगळेच द्या." मी सगळे दिले. दऱ्याही दिल्या. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला.

तेरवीचा दिवस गेला. मी वाट पाहिली. आणखी काही दिवस गेले. त्याने दिलेला फोन लागेना. पुढे लग्नाची तारीख घेतलेली होती, म्हणून मी सुनेला घेऊन त्या गावी गेले आणि ओट्यावर तो म्हातारा भेटला.

त्याला मी सगळं सांगितलं. लपवून काय करणार होते? त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. आतून एक बाई दारात येऊन उभी राहिली, त्याची बायको असावी. तिच्या कपाळावर कुंकू होतं.

"पोरगा हाय माहा," म्हातारा म्हणाला. "दिवाळीपासून घरी नाही. लोकायचे पैसे घेऊन पयाला. इथंही लोक येऊन राह्यले मागाले." मग त्याने विचारलं, "माह्या नावानं नेले?"

"हाव."

"मी मेलो म्हने?"

"हाव."

"रडला का?"

"रडला नाही. आवाज बसेल होता."

म्हातारा उगीच शेंगा चाळवत राहिला. मला वाटलं तो आता शिव्या देईल, पोराला किंवा मला. त्याने विचारलं, "डोक्शं?"

मला खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही.

"भादरेल होतं."

तेव्हा दारातली बाई खाली बसली. म्हातारा उठला, टोपलं उचललं आणि आत गेला. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आला नाही. आम्ही थोडा वेळ ओट्यापाशी उभ्या राहिलो. सोललेले दाणे ओट्यावर पडले होते, कोंबडी येऊन ते वेचू लागली. सून म्हणाली, "चला आत्याबाई." आम्ही आलो.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, तसं म्हणायला हरकत नाही. मग पावती मागितली. मी म्हणाले, मयताला पावती नसते.

"मंग मयताचा दाखला?"

"मानूस जिता हाय, दाखला कोठून आनू?"

बाकावर बसलेला एक जण खुदकन हसला. तो स्वतः कसल्यातरी मारामारीत आला होता, डोक्याला पट्टी होती. लिहून घेणारा म्हणाला, "आजी, तुमीच आपल्या हातानं भरून देल्ले. त्यानं तं मागतले फक्त." तरी अर्ज लिहून घेतला. त्या अर्जाचं पुढे काही झालं नाही.

वाशीमला मोडवाल्यांकडे फिरलो. जर्मनचा गंज चेपून ठेवला की कोणाचा कोणता ते ओळखू येत नाही. एका ढिगाऱ्यात सून हात घालून पाहत राहिली. नाव कुठे सापडलं नाही. तिची बोटं काळी झाली, तेवढंच.

ठरलेल्या लग्नाला मी रिसोडहून दुसऱ्या बिछायतवाल्याचे गंज भाड्याने आणून दिले. माझं भाडं त्यालाच गेलं. नवरीच्या बापाने उरलेले पैसे दिलेच नाहीत. म्हणाला, गंजावर दुसऱ्याचं नाव होतं, तुमचं कशावरून?

उन्हाळ्यात तो म्हातारा एसटीने आला. सोबत पोतं होतं. त्यातून त्याने पाणी भरायची पितळेची एक गुंडी आणि परात काढली. त्याच्या लग्नातली होती. दुकानाच्या पायरीवर ठेवली. मी चहा ठेवायला सांगितला, तो नको म्हणाला.

"एवढंच हाय," म्हणाला. "बाकीचं जमत नाही."

"पोरगा?"

"मले काय माहीत. मी तं मेलो ना."

हे तो हसत म्हणाला नाही. मी गुंडी आणि परात ठेवून घेतली. लोक मला नंतर म्हणाले, गरीब म्हाताऱ्याचं कायले घेतलं? घेतलं. परत दिलं असतं तर त्याला पुन्हा ते ओझं घेऊन एसटीत चढावं लागलं असतं, आणि माझे गंज काही आले नसते.

दुकान तरीही बंद पडलं नव्हतं. सुनेने बचत गटातून पैसे उचलून थोडी भांडी घेतली होती, लहान पंगतीपुरती. दुकान बंद झालं ते पुढच्या पावसाळ्यात.

एक माणूस आला, दोन गावं सोडून पलीकडचा. बायको गेली होती. तो, त्याचा भाऊ, दोघांचीही डोकी भादरलेली. मी त्या डोक्यांकडे पाहत बसले. वस्तऱ्याची खूण शोधत होते. सून माझ्याकडे पाहत होती. मग मीच म्हणाले, "आधार कार्ड द्या. आन् बयाना."

त्याला आधी समजलं नाही. त्याला वाटलं मी दुसऱ्या कोणाला बोलले. मी पुन्हा म्हणाले.

"बाई," तो म्हणाला, "मयत हाय आमच्या घरी."

"असंच एकानं सांगतलं होतं."

"मंग मी काय करू? जाळून आलो तिले. राख आनून दाखवू का?"

त्याच्या भावाने त्याला बाहेर नेलं. त्यांनी दुसरीकडून भांडी घेतली. त्या तेरवीला बरीच गावं जेवायला बसली असतील, आणि आलू-वांग्याच्या भाजीसोबत माझी गोष्टही वाढली गेली. बिछायतवाली मयतावर बयाना मागते. एवढं पुरलं. तेरवीची गिऱ्हाइकं आधी थांबली. मग लग्नवालेही म्हणू लागले, त्या घराची भांडी शुभकार्यात नको. ज्यांनी माझं भाडं बुडवलं होतं तेच जास्त बोलले.

मी सुनेला म्हणाले, तेव्हा मी गप्प राहायला पाहिजे होतं का? ती म्हणाली, "तुमी गप राह्यले असते तं म्या मागतलं असतं."

उरलेली भांडी आम्ही रिसोडच्या त्याच बिछायतवाल्याला विकली. त्याने नवऱ्याचं नाव घासून काढलं आणि आपलं ठोकलं. सून आता शाळेत खिचडी शिजवते. मोठ्या गंजाची सवय आहे, तिला जड जात नाही. पितळेची गुंडी घरात आहे, आम्ही तिच्यात पाणी भरतो.

तो पोरगा परत आला नाही. त्याची आई मागच्या साली गेली. तेरवीला भांडी कोणी दिली ते मला माहीत नाही. मी गेले नव्हते. सून जाऊन आली. डोकं भादरायला पोरगा नव्हता, म्हाताऱ्यानेच आपलं भादरलं होतं, असं ती म्हणाली.

म्हातारा अजून आहे. मी आहे, सून आहे.